लाडवाचे आयुष्य

दिवाळीपूर्वी आठ-दहा दिवस आमच्या भिवंडीच्या घरात तळणीचा घमघमाट सुटतो. यंदा त्या घमघमाटात माझा पुतण्या लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन बसला आणि मला विचारू लागला, "काका, लाडू किती दिवसांनी खराब होतो?"

"आपल्या घरात? होऊच शकत नाही. त्याआधी संपतो," मी म्हटले.

पण स्वारीला खाण्यात रस नव्हता. 'स्कायरिम' नावाचा २०११ सालचा एक खेळ आहे. ड्रॅगन, मंत्रतंत्र, तलवारी, सगळा अद्भुत कारभार! त्यातला वीर जुनाट थडग्यात शिरतो, तिथे पडलेले सफरचंद उचलतो आणि खुशाल खातो. पाव बुरसत नाही, चीज विटत नाही. अशा खेळात हौशी मंडळी पदरचे नियम घालतात म्हणे. पुतण्याला अन्न नासण्याचा नियम घालायचा होता, आणि बापड्याने सगळ्या पदार्थांना सरसकट सात दिवसांचे आयुष्य देऊन टाकले होते.

मी पडलो शाळामास्तर. चुकीचे गणित दिसले की हात शिवशिवतो. त्याला म्हटले, लिहून घे. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांची पाहुणी. चकली नासत नाही, सादळते. तिला डब्याचे झाकण घट्ट हवे. चिवड्यात आधी खवट होते ते खोबरे. बेसनाच्या लाडवात पाणी नाही, म्हणून बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. त्याच्या तुपाला हवा बाधते. महिनाभर तो चांगला राहतो. पुढेही तसाच गोल, तसाच पिवळा दिसतो, पण जिभेला कळते.

पुतण्या खूष झाला. २०१३ सालच्या 'डोन्ट स्टार्व्ह' या खेळात म्हणे पदार्थामागचा रंग हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबडा होत जातो, शेवटी त्याचा कुजका गोळा होतो आणि तो खत म्हणून शेताला घालता येतो. बर्फाच्या पेटीत ठेवले तर नासण्याचा वेग निम्मा. मला हे फार आवडले. द्रौपदीच्या थाळीलादेखील महाभारताने मर्यादा घातली आहेच. ती जेवली की त्या दिवसापुरती थाळी रिकामी.

"मग खवट लाडू खाल्ला तर वीराची शक्ती किती कमी करू? दहा?"

इथे मी अडलो.

१९९८ साली दादा मागावरचे काम सोडून आखातात गेला होता. दिवाळीला येतो म्हणाला होता, पण रजा मिळाली नाही. आईने त्याच्या वाटणीचे बारा लाडू पितळी डब्यात घालून फळीवर ठेवले. मी जाता-येता त्या डब्याकडे बघत असे. एकदा हात घातला तेव्हा पाठीत धपाटा बसला. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, संक्रांतही झाली. दादा आला होळीच्या आदल्या दिवशी. त्याने पायही धुतले नव्हते, तोच आईने डबा उघडला. वास मला दाराशी आला. दादाने लाडू फोडला, खाल्ला. दुसरा मागितला. मग तिसरा. आई समोर बसून बघत होती, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्पच झालो.

आई आता नाही. पुतण्याला ही हकिकत ठाऊक नव्हती. ऐकून तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"म्हणजे शक्ती कमी करू की वाढवू?"

"तुझ्या बाबांना विचार."

दादा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होता. प्रश्न ऐकून त्याने चष्मा काढला. "खवट? कोण म्हणतं खवट होते? काकाला काय कळतंय! उत्तम होते," तो म्हणाला, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला. मग आतल्या दिशेने ओरडला, "बेसन जरा आणखी भाजा गं!"

पुतण्याने लाडवापुढची जागा तूर्त कोरी ठेवली आहे.