टाचण नसलेला तास

अध्यापक विद्यालयात मी मराठी शिकवते. डी.एल.एड.ची नवी तुकडी आली की ओळख झाल्यावर माझा एक प्रश्न ठरलेला असतो : परीक्षेसाठी नव्हे, स्वतःच्या आनंदासाठी अलीकडे काय वाचलंत? वर्गात चुळबुळ सुरू होते. कुणी ‘श्यामची आई’चं नाव घेतं, कुणी ‘मृत्युंजय’चं; पण तीही बहुधा शाळेत असताना वाचलेली. एरवी हातात शिक्षक पात्रता परीक्षेचे, म्हणजे टीईटीचे, प्रश्नसंच.

या मुलामुलींना मी दोष देत नाही. पुष्कळांच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नसतं. पदविका मिळाली म्हणून नोकरी लागत नाही. पुढे टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसणं. सराव पाठ सुरू झाले की रात्री टाचणं लिहिण्यात आणि तक्ते रंगवण्यात जातात. अशा धबडग्यात कादंबरी वाचणं म्हणजे त्यांना वेळ वाया घालवणं वाटतं.

म्हणून प्राचार्यांकडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला. ग्रंथालयातली कुलूपबंद कपाटं उघडून पुस्तकं बाकांवर मांडली. हवं ते वाचा, नाही आवडलं तर बदला. टिपण नाही, अहवाल नाही, गुण नाहीत. सुरुवातीला “मॅडम, यावर लिहायचं काय?” असं सारखं विचारलं जाई. हळूहळू ते थांबलं. ‘बालभारती’कडून १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’च्या जुन्या अंकांना आणि भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ला सर्वांत जास्त मागणी होती.

माण तालुक्यातल्या एका मुलीच्या हाती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लागली. १९५५ साली आलेली ही कादंबरी औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला गेलेल्या तरुण मास्तराची आहे. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, हे मास्तर वर्गात कमी आणि वाडीतच जास्त दिसतात. आपल्या टाचणात हे कुठं बसवायचं?” त्यावर सगळा वर्ग बोलायला लागला. मास्तर लोकांची गाऱ्हाणी ऐकतो, त्यांना हाताशी धरून तालीम उभी करतो, आणि दुष्काळ पडल्यावर वाडीच उठून जाते. मग शाळा कुणासाठी? बालमानसशास्त्राच्या तासाला गप्प बसणारी मुलंही त्या दिवशी तावातावानं बोलत होती.

पुढे आंतरवासितेत त्याच मुलीच्या वर्गात मेंढपाळांची मुलं होती. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे ओळीनं गैरहजेरी. तिनं वस्तीवर जाऊन चौकशी केली : मेंढरं कुठं उतरलीत, माणसं कधी परतणार, पोरांसोबत पुस्तकं दिली आहेत का. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीनंतर ती वर्गाला ‘किशोर’मधली गोष्ट वाचून दाखवायची. गोष्ट ऐकायला मुलं घंटेआधी येऊन बसत.

दर १५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. तो जरूर करावा. पण वर्षभर मुलांसमोर उभा राहतो तो शिक्षक. स्वतः कधी रमून न वाचलेला शिक्षक मुलांना वाचनाची गोडी लावू शकत नाही. म्हणून अध्यापक विद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे : आठवड्यातून एक तास वेळापत्रकात घाला, कपाटांची कुलपं काढा आणि त्या तासाला गुण ठेवू नका.