डावा पाय

उर्दू शाळेत लागलो तेव्हा मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी आम्हाला विचारले होते, "दुसरं काही नाही मिळालं का?" आम्ही हसून सलाम केला, पण प्रश्न मनात रुतून बसला. ज्याला स्वतःला काही होता येत नाही तो मास्तर होतो, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. खरे सांगायचे तर काही दिवस आम्हालाही तसेच वाटत होते.

उत्तर मिळाले ते हैदराबादच्या एका मास्तरांकडून. २०२४ मध्ये 'मैदान' हा चित्रपट आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव पोरांच्या तोंडी झाले. आमच्या घरी मात्र ते जुने. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे दादांच्या बोलण्यात रहीमसाहेब नेहमी यायचे.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ चा. ते उस्मानिया विद्यापीठाकडून फुटबॉल खेळले, पुढे क्लबकडून खेळले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द तेवढीच. पोटासाठी शाळेत शिकवत राहिले. १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघ हाती घेतला आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या हाताखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. दुसरा कोणी असता तर खचला असता. चार वर्षांनी मेलबर्नला याच मास्तरांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला.

हे कसे जमले? त्यांची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. ते लहान मुलांच्या अशा स्पर्धा घेत की ज्यात फक्त कमकुवत पायानेच चेंडू मारायचा. उजवा पाय चांगला असेल तर डाव्यानेच खेळायचे. सगळेच अडखळणार, म्हणून कोणी कोणाला हसणार नाही.

आमच्या मुलांचा डावा पाय म्हणजे मराठी. उर्दूत ती सुरेख लिहितात, पण मराठीचा तास आला की माना खाली जातात. सातवीतला एक मुलगा शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला अम्मीबरोबर कचेरीत गेला आणि रिकाम्या हाताने परतला. खिडकीतल्या माणसाने काय विचारले ते त्याला कळले होते, उत्तरही येत होते. "सर, मेरे कू शरम आई," म्हणाला. अर्जाची तारीख निघून गेली. चूक त्याची नव्हती. दोन वर्षे तो आमच्या वर्गात गप्प बसला होता आणि आम्ही त्याला बसू दिले होते.

तेव्हापासून शनिवारी शेवटचा तास डाव्या पायाचा. त्यात फक्त मराठी बोलायचे, चुकले तरी थांबायचे नाही. आम्हीही चुकतो. लिंगाची गडबड झाली की पोरेच दुरुस्त करतात, आणि त्यांना त्याचा केवढा आनंद!

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना घरी बसवले नाही, आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला आणि दुसरा याच जर्नेलसिंगांनी. भारत २-१ ने जिंकला. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताच्या हाती आलेले नाही.

यंदा तो मुलगा पुन्हा त्याच खिडकीपाशी गेला आणि दाखला घेऊन आला. "एक शब्द गलत बोला सर, लेकिन रुका नै," म्हणाला.

ते बुजुर्ग आता हयात नाहीत, अल्लाह त्यांना जन्नत देवो. असते तर आम्ही त्यांना सांगितले असते, चाचा, दुसरे काही मिळाले असते तरी आम्ही हेच घेतले असते. आणि हेही सांगितले असते की हा लेख आम्ही डाव्या पायानेच लिहिला आहे.