हा दोर कुठं बांधलाय?

एचएमएस ट्रिंकोमाली मुंबईत बांधली गेली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सागवानी लाकडाची ही ब्रिटिश युद्धनौका जमशेदजी बमनजी वाडियांच्या हाताखाली तयार झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडलं आणि जाळलं गेलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, आणि तिची ९६ पट लहान प्रतिकृती माझ्या टेबलावर. लाकूडकाम झालं. आता दोरकाम चाललंय.

पहिला प्रश्न : कोणत्या सालची ट्रिंकोमाली? १८४५ नंतर तिच्यात मोठे फेरफार झाले, तोफा कमी झाल्या. मी १८१७ धरलंय, म्हणजे दोर सगळे तागासारख्या हेंपचे. लोखंडी तारेचे दोर पुढच्या काळातले. मग जाडी. जुन्या तक्त्यांत दोराचा व्यास देत नाहीत, घेर देतात. नऊ इंची दोर म्हणजे व्यास तीन इंचांहून थोडा कमी. माझ्या मापात पाऊण मिलिमीटर. घेराला व्यास समजलं की प्रतिकृतीवर सुतळ्या लोंबू लागतात. तयार संचात येणारा पिवळाधमक दोरा तर मी थेट शिवणाच्या डब्यात टाकला. डोलकाठी धरून ठेवणारे दोर डांबर पाजलेले, काळपट. शीड ओढायचे दोर फिकट तपकिरी. सुती दोरा मी वापरत नाही. तो मुंबईच्या पावसाळ्यात आखडतो आणि नाजूक काठ्या वाकवतो.

डोलकाठीचे बाजूचे दोर जोडीजोडीनं चढतात : आधी उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची, असं आलटून पालटून. त्यांच्यावर खलाशांच्या पायऱ्या, साधारण तेरा इंचांवर एक. माझ्याकडे साडेतीन मिलिमीटरही नाही. प्रत्येक पायरी मी गाठ मारूनच बांधतो. गोंदानं चिकटवली तरी लांबून फरक दिसत नाही, असं मित्र म्हणतात. खरं आहे. पण त्या गाठीवर कुणाचा तरी पाय ठरायचा.

माझे चाचा बोटीवर सारंग होते. प्रतिकृती पाहायला आले तेव्हा त्यांनी तोफा, रंग, कशाचीच तारीफ केली नाही. एका दोरावर बोट ठेवून म्हणाले, "वरून आला तो ठीक. खाली बांधलाय कुठं?" मी खुंटी दाखवली. "रात्री, पावसात, काही दिसत नसताना हात तिथंच गेला पाहिजे. जागा बदलली की माणूस मेला."

शिडाच्या जहाजावर असे शेकडो दोर असत आणि प्रत्येकाची खुंटी ठरलेली. जेम्स लीज यांच्या पुस्तकात, डेव्हिड स्टील यांच्या १७९४ च्या ग्रंथात हे सगळं बारकाईनं आहे. इंग्रजी नावांनी. पण हिंदी महासागरातल्या असंख्य जहाजांवर दोर ओढणारे हात लष्करांचे, म्हणजे आपल्याकडच्या खलाशांचे होते, आणि त्यांची बोली वेगळी होती. गोऱ्या अधिकाऱ्यांना ती शिकावी लागे. थॉमस रोबक यांनी १८११ मध्ये कलकत्त्यात तिचा कोशच छापला. कोकणात सारंग, तांडेल ही आडनावं अजून दारांच्या पाट्यांवर आहेत. दोरांची नावं मात्र गेली.

माझ्या खुंट्यांच्या नकाशाची एक प्रत चाचा घरी घेऊन गेलेत. इंग्रजी नावासमोर आपलं नाव लिहितात. ते लहानपणी वडिलांच्या गलबतावर शिकले. गलबताला तिरपं शीड, दोर मोजके. त्यामुळं बऱ्याच ठिकाणी ते नुसती रेघ मारतात. परवा फोनवर म्हणाले, मधल्या डोलकाठीपर्यंत आलोय, परबाणाचे दोर झाले, घाई करू नको.