सायथोडियमचे साधेपण

पावसाळ्यात पचमढीच्या ओल्या कपारींत सायथोडियम ही यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट, उगवते. अंधारात ती पिवळट-हिरवी झळकते; तेज तिचे नव्हे, आत शिरलेला अंधुक उजेडच ती परतविते. शरीर म्हणजे पेशींचे दोन पातळ थर नि मध्ये हवेच्या कोठड्या. मार्कँशियासारखा अन्नसाठ्याचा जाड थर नाही.

इतकी साधी, म्हणून आद्य, असे कोणासही वाटावे. लाहोरच्या शिवराम कश्यपांनी (१८८२–१९३४) उलट मांडले: गुंतागुंतीच्या पूर्वजांनी एकेक अवयव टाकीत हे साधेपण आले. पुढे जनुकांच्या अभ्यासानेही तिला मार्कँशियाच्याच गणात ठेवले.

सरकारी दप्तरातील वर्गवारीत आमचे आयुष्य गेले. टाकून दिलेल्या गोष्टींचा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नव्हता. वाडे सोडून फ्लॅटांत आलेल्या आम्हां इंदूरकरांस तो हवासा वाटतो. कश्यपांनीच वर्णिलेली ट्यूबरोसम ही जात मातीत गाठी ठेवून उन्हाळा काढते.