‘तुफान’चे काय करायचे?

कुंडलमध्ये घराघरांत वाद होतात ते बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, नाहीतर म्हैस विकायची की ठेवायची यावरून. आमच्या घरात वाद झाला तो विमानावरून. हे लिहिताना आमचे आम्हालाच हसू येते. पण त्या चार महिन्यांत घरात हसणारे कोणी नव्हते. धाकटा भाऊ बायको-मुलीला घेऊन कॅनडाला निघाला होता. त्याची भांडीकुंडी, कपाट, मोटारसायकल यांचा निकाल एका संध्याकाळी लागला. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या विमानाचे काय करायचे, ते मात्र काही केल्या ठरेना.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या सात पिढ्यांत विमानाचा मालक झालेला नाही. हे विमान म्हणजे एका माणसापुरते, घरी बनवलेले यंत्र. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, जुन्या मोटारसायकलचे इंजिन, सागवानी पंखा, पंखांवर ताणून बसवलेले कापड आणि भंगारातल्या मोटारीची सीट. दोन्ही पंख काढून शेडच्या आढ्याला टांगलेले असत, कारण ते लावले तर विमान परसात मावत नसे.

अब्बा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या कितीतरी घरांत लोखंडाची ओळख झाली. आमच्या घरात ती अब्बांमुळे झाली. आम्ही पुस्तकाकडे वळलो, धाकटा पान्याकडे. लहानपणी आम्हीच त्याला अब्बास इब्न फिरनासची गोष्ट सांगितली होती. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबात या माणसाने पंख लावून उडी घेतली, काही अंतर तरंगला, पण शेपूट करायला विसरल्यामुळे उतरताना आपटला, अशी ती गोष्ट. सगळी मुले हसली, की धाकटा विचारायचा, “शेपटी कितनी लंबी होना था, भाईजान?”

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’चे मोठे प्रदर्शन भरले होते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान तिथे ठेवलेले होते. यादवांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, म्हणजे तसे आमच्या शेजारातलेच. अब्बा आणि धाकटा पहाटेच्या गाडीने जाऊन ते पाहून आले. परतल्यावर अब्बा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ग्रॅच्युइटीच्या पैशातले काही काढले आणि नळ्या आणायला सांगलीला गेले.

पुढे तीन वर्षे आमच्या परसात ठोकाठोक चालली. अब्बांनी एक वही घातली. उजवीकडून डावीकडे, उर्दूत. कोणता सामान कुठून आला, कोणाचे किती देणे, सगळे त्यात. विमान पुरे झाल्यावर नाव ठेवायची वेळ आली. कुंडलमध्ये हा प्रश्न पडायला नको. नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारची तुफान सेना १९४३ मध्ये याच मातीत उभी राहिली. अब्बांनी ब्रशने शेपटीवर लिहिले, ‘तुफान’.

तुफान उडाले कधीच नाही. ऊस तुटून गेलेल्या पाटलांच्या रानात ते एकदा पळाले, एवढेच. निम्मे गाव बांधावर जमले होते. चाक सरीत रुतले आणि पंख्याचे टोक मोडले. त्यानंतर धाकट्याने स्वतःच थांबवले. नोंदणी नाही, उडवण्याचा परवाना नाही, आपल्याला वैमानिकाचे शिक्षण नाही. कोणाच्या घरावर पडलो तर काय, असे तो म्हणाला. अमोल यादव स्वतः पेशाने वैमानिक. त्यांच्या विमानाची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि चाचणीचा परवाना मिळायला २०१९. मग आमच्यासारख्यांची काय कथा! तरी धाकटा दर रविवारी इंजिन पाच मिनिटे चालू करायचा. अब्बा खुर्ची टाकून ऐकत बसायचे. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने अब्बांना नेले. त्यानंतर रविवारचा तो आवाज बंद झाला.

कॅनडाचे पत्र आले तेव्हा धाकट्याचा पहिला विचार विमान घेऊन जाण्याचाच होता. त्याने रात्र रात्र जागून माहिती काढली आणि जेवताना आम्हाला सांगितली. ज्यांच्याकडे खरीखुरी छोटी विमाने असतात, त्यांच्यापुढे देश सोडताना तीनच वाटा असतात. विकायचे, ठेवायचे किंवा न्यायचे. न्यायचे तर मजल दरमजल करत, जागोजागी इंधन भरत उडवत न्यायचे. नाहीतर पंख उतरवून कंटेनरमध्ये घालायचे. ठेवायचे तर हँगरचे भाडे, विमा, दरवर्षीची तपासणी. शिवाय उभे राहिलेले इंजिन आतून गंजते. न उडणारे विमान उडणाऱ्यापेक्षा लवकर म्हातारे होते.

त्यातली एक गोष्ट आम्हाला फार लागली. १९४४ च्या शिकागो कराराप्रमाणे विमानालाही राष्ट्रीयत्व असते. ज्या देशात नोंदणी, त्या देशाचे ते. आणि एका वेळी दोन देशांत नोंदणी चालत नाही. आपल्याकडच्या विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. ते परदेशी द्यायचे तर आधी इथल्या नोंदवहीतून नाव काढावे लागते, मग तिथल्या वहीत चढते. माणसाचेही आपल्या देशात तसेच आहे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की इथले संपते. अम्मीने घास हातातच ठेवून विचारले, “इसका नाम भी काटेंगे क्या?” धाकटा म्हणाला, “नहीं अम्मी, मैं सिर्फ रहने जा रहा हूँ, पासपोर्ट यहीं का रहेगा.” अम्मी जेवायला लागली, पण तिने पुन्हा भाकरी घेतली नाही.

कॅनडात घरी बांधलेल्या विमानांची रीतसर नोंदणी होते, हे खरे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेले असावे, अशी अट. पण तिथे बांधायला घेण्याआधी कळवावे लागते आणि सांगाड्यावर कापड चढवण्यापूर्वी तपासनीस येऊन आतले जोड पाहतो. आमच्या तुफानचे जोड अब्बांशिवाय कोणी पाहिले नव्हते. शिवाय कंटेनरचा खर्च नवे दोनदा बांधण्याइतका. ती वाट बंद झाली.

मग घरात तीन मते झाली. धाकटा म्हणाला, विकून टाकू. भंगारवाला येऊन सांगाड्याला टिचक्या मारून गेला, त्याने किलोचा भाव सांगितला. आम्ही म्हणालो, शाळेला देऊ. पण मुले चढतील, पडतील, जबाबदारी कोणाची, असे उत्तर मिळाले. ते अगदीच चुकीचे होते, असेही म्हणवत नाही. आणि अम्मी म्हणाली, कुठेही द्यायचे नाही. “जहाज इधर है तो वो आएगा.”

अम्मीचे वाक्य ऐकून आमचा तोल गेला. आम्ही धाकट्याला बोलू नये ते बोललो. तुला विमानाची काळजी आहे, आईची नाही, असे म्हणालो. तो शांतपणे उठला, अब्बांची वही घेऊन आला आणि तिचे पहिले पान आमच्यासमोर धरले. विमानाच्या हिशेबाच्या आधी त्या वहीत एक जुनी नोंद होती. आमच्या बी.एड.च्या फीसाठी अब्बांनी फंडातून उचललेली रक्कम. तारीख, आकडा आणि खाली सही. धाकटा म्हणाला, “भाईजान, अब्बाने आधा पैसा तुममें डाला, आधा इसमें. तुम रोज उडते. ये नहीं उडा. मैं इसकू भंगार में डालूँगा तो मेरेकू अच्छा लगेगा क्या?”

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. इयत्ता सातवीच्या मुलांना आम्ही दरवर्षी हिजरतची हकीकत सांगतो. मक्का सोडायच्या रात्रीही हुजूर (स.) यांच्याकडे लोकांच्या अमानती होत्या. ज्यांनी छळले, त्यांच्यापैकी काहींच्याही होत्या. त्या ज्याच्या त्याला पोचवण्यासाठी हजरत अलींना मागे ठेवण्यात आले. ही गोष्ट आम्ही प्रामाणिकपणाच्या धड्यात सांगतो आणि प्रश्नोत्तरे लिहून घेतो. घर सोडणाऱ्या माणसाने सामानाकडे कसे पाहावे, हेही त्यात आहे, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. आपले काय करायचे, हा नंतरचा प्रश्न. दुसऱ्यांचे आपल्याकडे काय आहे, हा पहिला.

सकाळी आम्ही दोघे वही घेऊन शेडमध्ये बसलो. पान उलटत गेलो तसे कळत गेले, की ज्याला आम्ही ‘आपले विमान’ म्हणत होतो त्यातले निम्मे आपले नव्हतेच. इंजिन गॅरेजवाल्या मिस्त्रींचे, ‘चालले तर पैसे द्या’ या बोलीवर घेतलेले. पंख्याचे सागवान शेजारच्या सुतारकाकांनी दिलेले, त्यांची मजुरी बाकी. रिबेट मारायचे हत्यार अब्बांच्या कारखान्यातल्या दोस्ताचे. मोडलेल्या सरीची भरपाई पाटलांना द्यायची राहिलेली. पुढच्या जुम्मापर्यंत आम्ही दोघे घरोघर फिरलो. पाटलांनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. सुतारकाकांनी घेतले आणि मोजून घेतले. आम्हाला बरे वाटले. मिस्त्री म्हणाले, इंजिन न्यायला येतो, पण विमान कुठे जाते ते आधी सांगा.

तेच तर ठरत नव्हते. कारण अम्मी.

इथे आमच्या घरातली एक जुनी वस्तू सांगितली पाहिजे. अब्बांचे एक चुलते कराचीच्या गोदीत कामाला होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीला जाणे म्हणजे तेव्हा परदेशी जाणे नव्हते. १९४६ मध्ये ते सुट्टीवर आले, नवी सायकल घेतली आणि ‘पुढच्या सुट्टीत येतो’ म्हणून ती इथेच ठेवून गेले. पुढच्या सुट्टीच्या आत मधे सरहद्द आली. त्या काळात ज्यांची विमाने होती त्यांनी ती नेली. जुनागढचे नवाब ऑक्टोबर १९४७ मध्ये विमानाने कराचीला गेले, कुत्र्यांसकट गेले म्हणतात. कलकत्त्यात १९४६ साली निघालेली ओरिएंट एअरवेज ही अख्खी विमान कंपनीच कराचीला हलली. आमच्या चुलत आजोबांची सायकल होती, ती ओसरीत खुंटीला राहिली.

अम्मी लग्न होऊन आली तेव्हा ती सायकल पुसायचे काम नव्या सुनेकडे आले. दर जुम्माला फडके, साखळीला तेल. कोणी बसायचे नाही. आजोबा कराचीत वारल्याचे पत्र आले, तरी आजीने ती उतरवू दिली नाही. शेवटी घराची कौले बदलताना खाली घेतली, तर टायर हातात भुगा होऊन आले आणि सीटच्या आत उंदरांनी घर केले होते.

निघायला दहा दिवस उरले असताना अम्मी फडके घेऊन शेडमध्ये गेली. विमानाची सीट पुसली, नळ्या पुसल्या. मग एकाएकी थांबली. आम्ही दारात होतो. फडके खांद्यावर टाकून ती म्हणाली, “सायकल जैसा नक्को करो इसका. चलानेवाले कू दे डालो.”

आम्ही काहीच बोललो नाही. चाळीस वर्षांपूर्वी पुसलेली सायकल तिच्या हाताला अजून आठवत होती.

जवळच्या एका आयटीआयचे निदेशक तुफान पाहायला आले. मुलांना जोडकाम, रिबेट, वेल्डिंगमधल्या चुका दाखवायला असा सांगाडा मिळत नाही, म्हणाले. उडवायचे नाही, पंख पुन्हा लावायचे नाहीत, अशी अट धाकट्याने लिहून घेतली. मिस्त्रींनी इंजिन स्वतःच तिथे नेऊन दिले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तुफान निघाले तेव्हा पुन्हा निम्मे गाव रस्त्यावर होते. धाकटा ट्रॉलीच्या मागे चालत गेला. अब्बांच्या जनाजानंतर इतके हळू चालताना आम्ही त्याला पाहिले नव्हते.

त्याने बरोबर फक्त ती वही नेली. पहिले पान मात्र फाडून आम्हाला दिले. आमचे शिक्षण हीसुद्धा अब्बांची अमानतच आहे. ती फेडायची जागा म्हणजे आमचा वर्ग. दुसरी कोणती आम्हाला सुचत नाही.

विमानातली एकच वस्तू घरी राहिली, ती भंगारातली सीट. आयटीआयला तिचा उपयोग नव्हता. आम्ही तिला लाकडी पाय लावून ओसरीत ठेवली. जिथे सायकलची खुंटी होती, त्याच्याच खाली. अम्मी रात्री त्यावर बसून मोबाइलवर कॅनडाशी बोलते. परवा पुतणीने विचारले, “दादी, जहाज कहाँ गया?”

अम्मी म्हणाली, “पढाने गया, बेटा. तेरे बडे अब्बा जैसा.”