लाल क्लीट आणि माझा गुडघा

क्लिपलेस पेडलमध्ये बूट अडकतो तो तळव्याखालच्या क्लीटमुळे. मी हौसेने लाल क्लीट घेतली. शिमानोच्या एसपीडी-एसएल प्रकारात लाल म्हणजे 0 अंश. अडकवल्यावर टाच आतबाहेर फिरतच नाही. कात्रजचा घाट चढताना गुडघा आतल्या बाजूने ठणकू लागला. रुग्णांना ‘दुखलं की थांबा’ सांगणारा मी महिनाभर रेटत राहिलो! पेडल मारताना नडगी थोडी फिरते. पाऊल जखडलं की तो पीळ गुडघ्यावर येतो. आता पिवळी लावली आहे, 6 अंश मोकळीक. पेडलचा स्क्रूही सैल केला, सिग्नलला पाय चटकन सुटावा म्हणून. नव्याने घेणार असाल तर पिवळीच घ्या. आणि रस्त्यावर जाण्याआधी भिंत धरून बूट अडकवायचा-सोडवायचा भरपूर सराव करा. माझा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो.