परवाना माणसाला की मदरबोर्डला?

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही चार जुने संगणक दुरुस्त करून चालवतो. त्यांवर स्पर्धा परीक्षेच्या सरावाचे सॉफ्टवेअर आहे. एकाचा मदरबोर्ड जळाला, आम्ही जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवला. सॉफ्टवेअर उघडेना. 'हे यंत्र नोंदणीकृत नाही.' पैसे भरलेले, मुले तीच, परीक्षा आठ दिवसांवर.

अभ्यासिकेतल्या एका मुलीने पायथनमध्ये चार ओळी लिहून यंत्रालाच त्याची ओळख विचारली. मदरबोर्डच्या अनुक्रमांकाच्या जागी उत्तर आले, 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.', म्हणजे उत्पादकाने भरायचे राहूनच गेले. मॅक अॅड्रेस मिळाला. तो 48 बिटांचा, त्यातले पहिले 24 सहसा उत्पादकाचे. पण तोही सॉफ्टवेअरमधून बदलता येतो.

मग अशा आकड्यांवर कोणाचा हक्क ठरवायचा? चोरी शोधायला, यादी ठेवायला क्रमांक हवेतच, त्याला आमचा विरोध नाही. पण परवाना शिकणाऱ्याऐवजी सुट्या भागाला दिला, की ज्याचे यंत्र कधी उघडावे लागत नाही तो सुटतो आणि दुरुस्ती करून वापरणारा अडकतो. योग्यता न पाहता 'कुठला?' विचारून दार लावणे आम्हाला नवे नाही.

सहा दिवसांनी, चार पत्रांनंतर कुलूप निघाले. सरावाला दोनच दिवस उरले. म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्या मित्रांना सांगणे आहे: पैसे भरण्याआधी विचारा, परवाना कोणाच्या नावावर? आणि मुलींना कोड शिकवा. अडवणूक नेमकी कुठे आहे, हे आम्हाला त्या चार ओळींनीच दाखवले.

जय भीम.